शिकविणाऱ्या कलावंताची जागा

मैफल गाजविणाऱ्या वादकाचे नाव लोकांच्या ओठांवर राहते. त्याने शिष्य घडविण्यात वेचलेली वर्षे मात्र कोणाच्या जमाखर्चात येत नाहीत. गायक आणि व्हायोलिनवादक पंडित गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) यांचे जीवन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. औंध संस्थानचे गवई अनंत मनोहर जोशी हे त्यांचे वडील व पहिले गुरू. ग्वाल्हेर गायकीची तालीम त्यांच्याकडे झाली. तेवढ्यावर न थांबता बुवांनी जयपूर घराण्याचे भूर्जीखाँ आणि आग्रा घराण्याचे विलायत हुसेन खाँ यांच्याकडेही विद्या घेतली, आणि ही गायकी व्हायोलिनवर उतरविली. १९७२ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. परंतु व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर आणि गायक उल्हास कशाळकर यांच्यासारखे शिष्य हीच त्यांच्या विद्यादानाची खरी पावती होय.

व्हायोलिनला गुरूची गरज अधिक आहे. सतारीला पडदे असतात, संवादिनीला पट्ट्या असतात. येथे केवळ चार तारा, गज आणि वादकाचा कान. बोट केसभर सरकले तरी सूर ढळतो, आणि ते नवशिक्याच्या ध्यानात येत नाही. मोबाइलवर आज थोरांचे वादन कोणालाही ऐकता येते, हे चांगलेच आहे. पण अडखळणाऱ्या बोटांना वळण लावायला माणूसच शेजारी बसावा लागतो.

असा माणूस खेड्यात कसा राहावा, हा खरा प्रश्न आहे. श्रीगोंदे तालुक्यातील काष्टी जनावरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या मुलीच्या कानात उपजत सूर असेल, तर तिने शिकावे कोणाकडे? औंधही काही महानगर नव्हते. संस्थानने गवयाच्या चरितार्थाची सोय केली, म्हणून तेथे विद्या नांदली. संस्थाने विलीन झाली, तेव्हा ही जबाबदारीही शासनाकडे आली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुले असलेल्या शाळांसाठी कलाशिक्षणाचा अंशकालीन निदेशक सांगितला आहे. परंतु अर्धवेळ मानधनावर जाणता कलावंत गावात टिकेल, अशी अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. त्यापेक्षा शेजारच्या चार-पाच शाळांना मिळून एक पूर्णवेळ संगीतशिक्षक द्यावा, आणि मैफलींसाठी त्याला रजेची सवलत असावी. स्वतः वाजविणे थांबले की शिकविणेही शिळे होते.

गणित-विज्ञानाच्या शिक्षकांचीच वानवा असताना ही चैन कशाला, असे कोणी विचारील. ती वानवा दूर झालीच पाहिजे. पण एक उणीव दाखवून दुसरी झाकता येत नाही. शाळेतील प्रत्येक मूल वादक होणार नाही, हे उघड आहे. मात्र सूर ओळखणारा कान अनेकांना लाभेल, आणि अशा श्रोत्यांवाचून कोणत्याही वादकाची मैफल उभी राहत नाही. बुवांच्या पिढीचा गौरव करावयाचा, तर पुढील पिढीला शिकविणाऱ्याच्या पोटाची तरतूद आधी करावी लागेल.