खाणीचे पाणी ‘मर्यादेत’ म्हणतात. पण कोणती मर्यादा?

चंद्रपूर : कोळसा खाणीजवळच्या गावांत पाण्याचा विषय निघाला की गाडी एकाच ठिकाणी येऊन अडते. खाणीत साचलेले पाणी मोटारीने उपसले जाते, टाकीत थोडे निवळते आणि नाल्याला लागते. नाला पुढे वर्धा नाहीतर इरई नदीला मिळतो. त्याच नाल्यावर गुरे पाणी पितात, काठच्या कपाशीला, गव्हा-हरभऱ्याला तेच पाणी लागते. ग्रामसभेत विचारले तर उत्तर मिळते, ‘तपासणी होते, सगळे मर्यादेत आहे.’

हे उत्तर खोटेच असते असे नाही. पण ते अर्धे असते. रिपोर्ट हातात आला तर तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

पहिली : मर्यादा कशाची?

खाणीतून बाहेर सोडायच्या पाण्याची मर्यादा वेगळी आणि पिण्याच्या पाण्याची वेगळी. कोळसा खाणींसाठी केंद्राने २००० साली ठरवलेल्या मानकात सोडलेल्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ चालतो आणि लिटरमागे १०० मिलिग्रॅमपर्यंत गाळ चालतो. पिण्याच्या पाण्याचा पीएच मात्र ६.५ ते ८.५ च्या आतच हवा. म्हणजे नाल्यात सोडलेले पाणी कागदावर पास झाले तरी ते पिण्यालायक आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

पीएच ठीक आला म्हणूनही निश्चिंत होता येत नाही. कोळशात आणि मातीच्या ढिगाऱ्यांत गंधक असलेले खनिज असते. हवा-पाणी लागले की त्यातून आम्ल तयार होते. जमिनीत चुनखडी असेल तर ती हे आम्ल मारते, त्यामुळे पीएच बरोबर दिसतो. पण सल्फेट आणि जडपणा पाण्यात तसाच राहतो. पिण्याच्या पाण्यात सल्फेट लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले, दुसरा स्रोत नसेल तर ४०० पर्यंत चालवून घेतात. म्हणून विहिरीच्या रिपोर्टात सल्फेट, जडपणा आणि टीडीएस हे आकडे आधी बघावेत.

दुसरी : नमुना कोणत्या महिन्यातला?

अनेक कोळसा खाणींच्या पर्यावरण मंजुरीत एक अट ठरलेली असते. आसपासच्या विहिरींची पाणीपातळी वर्षातून चारदा मोजायची, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारीत. पण भूजलाची गुणवत्ता तपासायची ती मे महिन्यात. मे मध्ये पाणी सर्वात कमी असते, म्हणून ती तपासणी गरजेचीच आहे. पण ढिगाऱ्यांवरून माती धुऊन येते ती पावसाळ्यात, आणि जमिनीत मुरलेले पाणी विहिरीत उतरते त्यानंतर. मे च्या एका बाटलीवरून वर्षभराचा हिशेब लागत नाही.

तिसरी : नमुना कुठला?

नाल्याचा नमुना खाणीचे पाणी मिसळते त्याच्या वर एक आणि खाली एक, असे दोन हवेत. फक्त खालचा असेल तर दोष कोणाचा हे ठरत नाही. विहिरीचेही तसेच. जिल्ह्याच्या काही भागांत फ्लोराइड मुळातच खडकातून येते. नायट्रेट सुरुंगाच्या दारूतून येऊ शकते, तसेच युरियातून आणि गोठ्यातूनही येते. खाण सुरू होण्याआधीचा आकडा नसेल तर कंपनी खडकाकडे बोट दाखवते, गाव खाणीकडे, आणि वाद तिथेच राहतो.

कागद मागायचा कुठे?

२००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार प्रत्येक प्रकल्पाने मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. हा अहवाल सार्वजनिक कागद आहे. अर्ज केला की संबंधित कार्यालयाने कोणालाही त्याची प्रत द्यायची असते. मंजुरीपत्राची प्रत ग्रामपंचायतीलाही मिळायला हवी आणि ती ३० दिवस लावून ठेवायची असते. ती आली होती का, हे आवक रजिस्टर उघडले की कळते.

गावाचा स्वतःचा आकडाही हवा. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना किटवर पाणी तपासायला शिकवण्याची तरतूद आहे. मात्र सल्फेटसाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा त्यासाठी आहेत. खर्चाचा प्रश्न आला तर जिल्हा खनिज प्रतिष्ठानच्या निधीत पिण्याचे पाणी आणि प्रदूषण नियंत्रण ही प्राधान्याची कामे आहेत. तसा ठराव ग्रामसभेने घ्यायला हवा.

त्याच दोन विहिरी, तोच नाला, दरवर्षी मे आणि ऑक्टोबर. पाच वर्षे ही नोंद एका वहीत राहिली तर पुढच्या ग्रामसभेत ‘मर्यादेत आहे’ या उत्तरासमोर गावाला नुसती तक्रार नाही, स्वतःचे आकडे ठेवता येतील.