विश्लेषण : व्यसनाधीन परिचारिकेला शिक्षा हवी की उपचार?

रुग्णाच्या नावे काढलेले मॉर्फिन परिचारिकेनेच टोचून घेतल्याचे उघड झाले, तर पहिली कारवाई निलंबनाची असते. अमेरिकेतील अनेक राज्यांनी मात्र वेगळी वाट धरली आहे.

व्यसन हा आजार कसा?

अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९५६ मध्ये मद्यासक्तीला आजार मानले. वारंवार सेवनाने मेंदूतील सुखसंवेदना, ताण आणि आत्मनियंत्रण यांच्याशी संबंधित यंत्रणा बदलतात. त्यामुळे दुष्परिणाम ठाऊक असूनही थांबणे कठीण होते. मधुमेहाप्रमाणे हा आजार आटोक्यात राहू शकतो, तसाच उलटूही शकतो.

परिचारिकांना धोका का?

रात्रपाळ्या, रुग्ण उचलून जडलेली पाठदुखी, रोजचे मृत्यू आणि हाताशी असलेली मॉर्फिन, फेंटानिलसारखी औषधे. त्यात ‘मला मात्रा कळते’ हा भ्रम. औषधांचे ज्ञान व्यसनापासून संरक्षण देत नाही.

अमेरिकेत काय होते?

फ्लोरिडात १९८३ पासून परिचारिकांसाठी हस्तक्षेप प्रकल्प आहे. अशा योजनांत परिचारिकेला आधी कामावरून दूर केले जाते. मग उपचार, अचानक होणाऱ्या लघवीच्या तपासण्या, गटबैठका आणि सहसा काही वर्षे देखरेख. कामावर परतल्यावरही काही काळ अमली औषधांच्या कपाटाची किल्ली दिली जात नाही. अटी मोडल्यास प्रकरण परवाना मंडळाकडे जाते.

मग रुग्णाच्या सुरक्षेचे काय?

वेदनाशामकाऐवजी नुसते सलाइन मिळाले, तर तळमळतो तो रुग्णच. म्हणून आजार मानणे म्हणजे जबाबदारीतून सुटका नव्हे. मात्र केवळ शिक्षेची भीती असली, की परिचारिका लपवते आणि ‘तिची नोकरी जाईल’ म्हणून सहकारीही गप्प राहतात. तोवर ती रुग्णांजवळच असते. उपचाराचा मार्ग खुला असेल, तर हे लवकर उघड होण्याची शक्यता वाढते.

भारतात काय स्थिती?

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील मानसिक आजाराच्या व्याख्येत मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांचा समावेश आहे. अमली पदार्थविरोधी कायद्याचे (१९८५) कलम ६४-अ सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वेच्छेने मान्यताप्राप्त उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून संरक्षण देते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. पण हे संरक्षण खटल्यापुरते आहे, नोकरीचे नाही. ‘मला मदत हवी’ म्हणणाऱ्या परिचारिकेला पुन्हा कामावर येता येईल का, याचे उत्तर रुग्णालये आणि परिचर्या परिषदांनी आधीच लेखी दिले, तरच ती पुढे येईल.