मगरीला उपाशी मारा!

परवा शनिवारी ताईकडे गेलो होतो. भाची तिसरीत आहे. गणिताच्या वहीत लहान-मोठेपणाची सगळी चिन्हं बरोबर, दहापैकी दहा. सहज विचारलं, "३०२ मोठे की २९८?"

"३०२. मगर मोठ्या संख्येकडे तोंड उघडते ना, मामा!"

"पण ते मोठे कशावरून?"

"पहिला आकडा बघायचा. ३ मोठा."

"तो ३ म्हणजे किती?"

"तीन!"

दहापैकी दहा, बरं का.

मला या मगरीचा राग येतो. कॉम्प्युटरला संख्या मजकूर म्हणून दिल्या, तर तो ९८ ला १०२ पेक्षा मोठा ठरवतो, कारण ९ हा १ पेक्षा मोठा. त्याला अंक दिसतात, संख्या दिसत नाही. 'आधी आकडे मोजा' हा नियम म्हणजे त्यावर मारलेला पॅच. उत्तर बरोबर येतं, म्हणून बग कुणाला दिसत नाही. पुढे दशांश अपूर्णांक आले की तीच पोरं ०.४५ ला ०.६ पेक्षा मोठं म्हणतात. का? तर आकडे जास्त! मग आपण म्हणतो, हिचं गणित कच्चं आहे. अरे, कच्चं आपण ठेवलं!

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीससाठी 'वीस एक' असंही आलं, तेव्हा केवढा गदारोळ झाला! सगळी भांडणं उच्चारांवर. 'एकोणसाठ'मध्ये साठ ऐकू येतात पण दशक पाचच असतात, हे पोराला कसं कळायचं, यावर किती जण बोलले?

असो. आम्ही वहीचे कागद फाडून १००, १० आणि १ च्या नोटा बनवल्या. एकीकडे ३०२, दुसरीकडे २९८. ती बराच वेळ बघत बसली. "यात दहाच्या नऊ नोटा आहेत, तरी कमी?" मग आठ सुट्ट्या मोजल्या आणि एकदम ओरडली, "मामा, अजून दोन दिल्या की याचेपण तीनशे!"

दहा सुट्ट्यांचा एक दशक, दहा दशकांचा एक शतक, सगळं तिचं तिने जुळवलं. वेळ लागला वीस मिनिटं. नियम पाठ करायला दोनच लागतात, हे मान्य. चाळीस पोरांच्या वर्गात बाईंकडे वेळ नसतो, हेही मान्य. पण रविवारी आपल्याकडे असतो ना? मग पोरांना चिन्ह विचारू नका. 'का?' विचारा.