गिअर बिघडला? आधी कारण शोधा



नात्यातल्या एका मुलाकडे बरीच वर्षे पडून असलेली गिअरची सायकल आम्ही घेतली. मुलगी तिच्यावरून कॉलेजला जाऊ लागली. वाटेत उड्डाणपुलाचा चढ आहे. हलका गिअर टाकला की तो सहज पार होतो. पण डिसेंबरची थंडी पडली आणि उजव्या मुठीजवळचा शिफ्टर बिघडला. अंगठ्याने दाबावे, तर तो नुसताच पोकळ फिरे, खटका लागत नसे. चढावर सायकल ढकलावी लागे आणि पहिला तास बुडे. दुकानदार म्हणाला, "शिफ्टर गेला, नवा टाका." म्हणजे आमची दोन दिवसांची मजुरी!

तथागतांनी दुःखाचे कारण शोधायला शिकवले. मग सायकलीचे कारण न शोधताच पैसे का मोजावेत? रविवारी आम्ही मुलीसह अंगणात बसलो.

आधी मागचे चाक उचलून धरले. मुलीने पायडल फिरवले आणि दांडीलगतची गिअरची उघडी वायर हाताने ओढली. चेन मोठ्या चक्रावर चढली, वायर सोडताच खाली आली. म्हणजे मागची यंत्रणा ठीक, वायरही मोकळी. वायर अडकत परत आली असती, तर तिच्या बाहेरच्या नळीत गंज आहे असे समजावे आणि नळीसह वायर बदलावी. वायरीचे पदर तुटले असतील तरीही तेच करावे.

आता उरला शिफ्टर. त्याच्या आत छोटे आकडे असतात. ते दातांत अडकले की खटका लागतो. जुने ग्रीस सुकून घट्ट झाले, की आकडे जागेवर येत नाहीत. थंडीत ते आणखी आखडतात. आम्ही फटीतून शिलाई मशिनच्या पातळ तेलाचे थेंब सोडले, थोडा वेळ थांबलो आणि पायडल फिरवत दोन्ही खटके पुन्हा पुन्हा दाबले. वीस-पंचवीस वेळा काहीच नाही! मुलगी निराश झाली. पुन्हा तेल सोडले, पुन्हा दाबले, आणि 'टक्' असा आवाज आला. बाहेर आलेले काळे तेल फडक्याने पुसले.

चेन मोठ्या चक्रावर चढायला अजून कुरकुरत होती. मागे वायर जिथे शिरते तिथली गोल चकती आम्ही अर्धा-अर्धा फेरा डावीकडे फिरवली. वायर ताणली गेली आणि चेन नीट चढली. चेन छोट्या चक्रावर उतरायला अडत असेल, तर चकती उजवीकडे फिरवावी.

तीन गोष्टी टाळाव्यात. शिफ्टर उघडू नये. आतल्या स्प्रिंगा उडाल्या तर परत बसवणे कठीण. मागचे दोन छोटे स्क्रू उगाच फिरवू नयेत. चेन तारांमध्ये पडू नये म्हणून ते असतात. आणि ब्रेकच्या रबरावर किंवा रिमवर तेल सांडू देऊ नये. एवढे करूनही खटका लागला नाही, तर दात झिजले असे समजून नवा शिफ्टर घ्यावा. मात्र मागे जितकी चक्रे, तितक्याच गिअरचा.

सोमवारी मुलगी पहिल्या तासाला हजर होती. आता वस्तीतल्या दोघी मैत्रिणी आपापल्या सायकली तिला दाखवायला आणतात. मुलींच्या हातीही पाना द्या, ही आमची विनंती.

नमो बुद्धाय! जय भीम!