आधी शर्ट काढायला लावा!

पावसाळ्यात वांगणीत कुणाचा ताप चार दिवस उतरला नाही की पुढचं सगळं ठरलेलं असतं. पहिल्या दिवशी 'व्हायरल आहे', तिसऱ्या दिवशी टायफॉइडची विडाल टेस्ट, पाचव्या दिवशी सलाईन आणि त्यातून महागडं इंजेक्शन. खिसा रिकामा होतो, ताप तसाच. एवढ्या खटाटोपात एक फुकटचं काम राहून जातं: पेशंटचं अंग कुणी बघत नाही.

बघायला हवं, कारण स्क्रब टायफस. ओल्या गवतात आणि उंदरांच्या अंगावर चिगर असतो, म्हणजे एका सूक्ष्म किड्याचं पिल्लू. तो चावलेला कळतसुद्धा नाही. आठ-दहा दिवसांनी थंडी वाजून ताप येतो, डोकं ठणकतं. चावल्या जागी बारकी काळी खपली धरते, कडेने लाल, सिगारेटचा चटका बसल्यासारखी. आणि असते कुठे? काखेत, जांघेत, परकराच्या नाडीखाली, स्तनाखाली. बनियनवरूनच स्टेथोस्कोप टेकवणाऱ्या धन्वंतरींना ती दिसणार कशी? ती प्रत्येकाच्या अंगावर असते असं नाही, पण दिसली तर निदान जवळपास झालंच की!

त्या महागड्या इंजेक्शनचं काय? बहुतेकदा ते सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन असतं. स्क्रब टायफसचा जिवाणू आपल्या पेशींच्या आत शिरून वाढतो, त्याच्यापुढे ते निष्प्रभ. चालते ती डॉक्सिसायक्लिनची स्वस्तातली गोळी. वेळेवर दिली तर बहुतेकांचा ताप दोन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर फुप्फुस, मूत्रपिंड, मेंदू, एकेक करून सगळं धरतं.

'तो विदर्भातला आजार, आपल्याकडे कुठला?' हे तर ठरलेलं उत्तर. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरकडे माणसं दगावली तेव्हा कुठे या आजाराचं नाव पेपरात आलं. आपल्याकडे तपासणीच होत नाही, म्हणून केस सापडत नाही; केस नाही, म्हणून तपासणी नाही. या तर्कशास्त्राला काय म्हणावं? उल्हास नदीच्या काठची भातशेती, मुंबईकरांनी घेऊन वाऱ्यावर सोडलेले प्लॉट, त्यांवर कमरेएवढं गवत आणि ते मजुरीवर कापणाऱ्या कातकरी बाया. किड्याला आणखी काय हवं? उपाय म्हणून रस्त्यावरून धुराची गाडी फिरवतात. धुराने डास मरतील. गवताच्या बुडाशी बसलेल्या चिगरला त्याचं काय?

कपडे उतरवण्याचं महत्त्व टायफसच्या दुसऱ्या प्रकाराने कधीच शिकवलंय. उवांमुळे होणाऱ्या त्या टायफसने युरोपात सैन्यंच्या सैन्यं संपवली. तो कशाने पसरतो हे चार्ल्स निकोलने 1909 मध्ये ट्युनिसमध्ये शोधलं. रस्त्यात, घरात, दवाखान्याच्या दारात लागण होत होती. पेशंटचे कपडे उतरवून त्याला आंघोळ घातली की वॉर्डात मात्र कुणालाच होत नव्हती. म्हणजे रोग कपड्यांतल्या उवांत! 1928 चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. त्याआधी 1848 मध्ये प्रशियाच्या सरकारने टायफसच्या साथीची चौकशी करायला रुडॉल्फ विरशोला अप्पर सायलेशियात पाठवलं. त्या तरुणाने अहवालात शाळा, रस्ते आणि लोकांच्या हाती कारभार मागितला. गरिबीचं नाव घ्यायला तो कचरला नाही. आमच्याकडे गवत कापणाऱ्या बाईला 'गवतात गेली होतीस का?' एवढंही विचारत नाहीत.

ओपीडीतल्या गर्दीचं कारण मला सांगू नका. काख बघायला अर्धं मिनिट लागतं. बाईला तपासायला आडोसा आणि नर्स लागते, तेवढी सोय करा. पाच दिवसांच्या तापाला गवताचा प्रश्न विचारा, स्क्रबची आयजीएम तपासणी लिहा, आणि संशय पक्का असेल तर रिपोर्टची वाट न बघता गोळी सुरू करा.