एका चौकोनाचे पंच्याऐंशी रुपये



२०२५ चा पावसाळा नांदेड-लातूरकडच्या मुलांना वेगळा सांगायला नको. ऑगस्टमध्ये मुखेड तालुक्यात लेंडी नदीचं पाणी गावांत शिरलं. सप्टेंबरमध्ये मांजराकाठचं सोयाबीन पाण्याखाली गेलं. मग दिवाळीच्या सुमारास पारावर एकच चौकशी, "अनुदान पडलं का खात्यावर?"

आमच्या वर्गातही तोच विषय. एक मुलगा म्हणाला, "गुरुजी, शेतीवाल्यांचं बरंय. फुकटचे पैसे आले." मागच्या रांगेतल्या एका मुलीनं मान खाली घातली. तिच्या घरचं सोयाबीन शेतातच कुजलं होतं. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "चला सगळे मैदानावर!"

टेपनं मोजून १० मीटर लांब, १० मीटर रुंद चौकोन फक्कीनं आखला. हा झाला एक आर. असे १०० आर म्हणजे एक हेक्टर. सातबाऱ्यावर क्षेत्र असंच लिहिलेलं असतं.

कोरडवाहू पिकासाठी आपत्ती निधीतला मदतीचा दर होता हेक्टरी ८,५०० रुपये. मग या चौकोनाला किती? भागाकार झाला. ८५ रुपये!

"आता समजा, या चौकोनात १० किलो सोयाबीन झालं असतं. २०२५ च्या खरिपाचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. सांगा पाहू!"

उत्तर आलं, सुमारे ५३३ रुपये. सगळे गप्प.

मुलांनो, सरकारी कागदावर या पैशाला 'निविष्ठा अनुदान' म्हणतात. निविष्ठा म्हणजे बियाणं, खत, औषध. म्हणजे ही गेलेल्या पिकाची किंमत नव्हे, तर पुढच्या पेरणीला हातभार. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्य सरकारनं रब्बीच्या बियाण्यासाठी हेक्टरी १०,००० रुपये आणखी जाहीर केले. म्हणजे चौकोनाला १०० रुपये. मर्यादा ३ हेक्टरांची.

आणि हे पैसे सहज मिळत नाहीत बरं का! तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक बांधावर येऊन पंचनामा करतात. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असावं लागतं. मग यादी, आधार, ई-केवायसी. शेत भावाभावांत सामायिक असेल तर बाकीच्यांची संमती. एक कागद राहिला की पैसे अडकले.

हा निधी येतो कुठून? नेहमीच्या आपत्ती निधीत रुपयातले ७५ पैसे केंद्राचे, २५ पैसे राज्याचे. दोघांकडेही पैसा येतो तो लोकांच्या करातून. तुमच्या बिस्किटाच्या पुड्याच्या किमतीतही कर असतो आणि तो शेतकरीही भरतो. मग ही भीक कशी?

तेवढ्यात ती मुलगी चौकोनात जाऊन उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, बी धरलं, खत धरलं. माझ्या मायनं खुरपण केलं, त्याचं कुठं धरलं?"

मी फळ्याविना उभा होतो. म्हटलं, "नाही धरलं, बाळ."

'फुकट' म्हणणाऱ्या मुलानं टेप गुंडाळला आणि हळूच तिच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

या रविवारी करून पाहा : घरचा सातबारा मागून घ्या. क्षेत्राचे आर करा आणि ८५ ने गुणा. शेत नसेल तर अंगणात चौकोन आखा. आणि आईला विचारा, खुरपणीला दिवस किती लागतात?

तुमचे,
गुरुजी