धातुशोधक सुधारले, नोंदीचे काय?

पंचवटी : रामकुंडात भाविकांनी सोडलेली नाणी दोरीला बांधलेल्या लोहचुंबकाने काढणारी मुले नाशिककरांच्या परिचयाची आहेत. चुंबकाला पोलादी नाणी लागतात, चांदी-तांब्याची सुटतात. ती धातुशोधक यंत्राला सापडतात. सुरुवातीच्या यंत्रांना खिळा व नाणे यांतील फरक उमगत नसे. काळ्या दगडाच्या लोहयुक्त जमिनीत ती फसवे सूर देत. अनेक वारंवारितांवर चालणारी नवी यंत्रे जमिनीचा परिणाम बऱ्याच अंशी वजा करतात आणि धातूचा अंदाज पडद्यावर आकड्यात दाखवतात.

धोकाही येथेच आहे. नाणे हाती येते. ते कोठे, किती खोल, कशासोबत होते याची नोंद राहत नाही. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे नहपानाची १३ हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतील ९ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा होता. साठा एकत्रित तपासला गेला, म्हणूनच सातकर्णीच्या विजयाला भक्कम पुरावा मिळाला. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक मोलाचे भूमिगत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. यंत्र घेणाऱ्याने किमतीआधी हा नियम वाचावा.